कॉम्प्युटरचा केसपेपर

२० फेब्रुवारी

चि. ठकू हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा आम्ही मावशीकडून सुखरूप परत आलो. तीन आठवडे राहिलो. मावशी अजून राहा म्हणत होती, पण तुझ्या बाबांनी आठव्या दिवसापासूनच दुकानाचा धोशा लावला. माणसाने पासष्टी ओलांडली तरी आपल्यावाचून गावातली घड्याळं बंद पडतील असं त्याला वाटावं, याला काय म्हणायचं? मावशीच्या घरातलं एकूण एक घड्याळ उघडून, पुसून, लावून झालं तेव्हा कुठे जरा गप्प बसले. इथे आल्यावर पुन्हा तेच. तुला ठाऊक आहे, कुठे जायचं झालं की मी गॅस, नळ आणि खिडक्या बघते आणि हे सगळ्या घड्याळांतले सेल काढून ठेवतात. बंद घरात सेल गळतो आणि यंत्राला खातो, असं त्यांचं शास्त्र. त्यामुळे परत आल्यावर पहिला दिवस आमच्या घरात किती वाजले ते कोणालाच माहीत नसतं.

तुझ्या डोंगरावरची थंडी कमी झाली का? तुमच्या वेधशाळेत माणसं चार आणि यंत्रं चाळीस, तुझ्याशी बोलतं तरी कोण ही काळजी मला असतेच. तो वायरलेस आहे म्हणावं तर त्यावरून फक्त पावसाचे आणि वाऱ्याचे आकडे जातात. आईचा आवाज त्यात बसत नाही. असो.

आता मुद्द्याचं. माझा कॉम्प्युटर सुरू होत नाही.

घर उघडलं, पाणी भरलं, चहा टाकला आणि आधी त्याचं बटन दाबलं. हिरवा दिवा लागला, आतला पंखा फिरला, आणि पडदा काळा तो काळाच. दहा मिनिटं वाट पाहिली. बंद केला, पुन्हा चालू केला. ढिम्म. पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, अवघड केसला कधी घाबरले नाही, पण त्या काळ्या पडद्याला घाबरले.

कारण तुला सांगायला नको. माझं पुस्तक त्यात आहे. अडतीस जन्मांच्या अडतीस हकिगती, दोन वर्षं एका बोटाने टाइप केलेल्या. छापखान्याच्या बाईंना पंधरा एप्रिलच्या आत सगळं हवंय. ती तारीख चुकली तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार, आणि पुढच्या वर्षाचा भरवसा या वयात मी कोणाला देऊ? कॉपी काढून ठेव म्हणून तू बजावलं होतंस. बाळाची कोणी कॉपी काढून ठेवतं का म्हणून मी हसले होते. आता बोल लाव, निमूट ऐकून घेते.

काल कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने पाच मिनिटं बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तेव्हा काय करायचं ते लगेच कळव. अंगठा अजून सुजतो, पेन फार वेळ धरवत नाही. हे पत्रसुद्धा तीन बैठकांत लिहिलंय. सध्या माझ्या लोभाचा मोठा वाटा त्या डब्याकडे वळलाय, उरलेला सगळा तुझा.

तुझी आई


२६ फेब्रुवारी

ती. आईस व ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तुझं पत्र काल बटाट्यांच्या पोत्यावर बसून जीपमधून वर आलं. आमचा स्वयंपाकी म्हणाला की एवढं जाडजूड पाकीट म्हणजे घरी एक तर लग्न आहे किंवा भांडण. मी म्हटलं, आजारपण आहे.

सगळ्यात आधी, त्या दुरुस्तीवाल्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. कॉम्प्युटर बिघडला म्हणजे पुस्तक गेलं असं मुळीच नाही. पुस्तक आतल्या डिस्कवर असतं आणि ती बहुतेक ठणठणीत आहे. खोलीतला दिवा गेला म्हणून कपाटातले कपडे जात नाहीत. फक्त पुसणाऱ्याला लांब ठेव.

आता शांतपणे बघ. पडद्याला स्वतःची वेगळी वायर असते, तिचा प्लग घट्ट आहे का? पडद्याच्या खाली छोटा दिवा लागतो का, आणि कोणत्या रंगाचा? पडद्यापासून डब्यापर्यंत जी जाड वायर जाते तिचे दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून बघ. कीबोर्डवरचे दिवे लुकलुकतात का? आणि मुख्य म्हणजे कान देऊन ऐक. धडधाकट कॉम्प्युटर चालू केला की पहिल्या काही सेकंदांत एकदा टीं असा वाजतो. तो वाजतो का?

आणि आता खरं सांगा, तुम्हा दोघांपैकी कोणी त्याला काही केलंय का? हा प्रश्न बाबा, खास तुम्हाला. माझा रेडिओ, आईचा मिक्सर आणि शेजारच्या काकूंची इस्त्री मी अजून विसरलेले नाही.

इकडे सगळं ठीक. वारा एवढा की काल वाळत घातलेला माझा मोजा वारा मोजायच्या यंत्रात जाऊन अडकला आणि तासभर डोंगरावर वारा नाही अशी नोंद झाली. वरिष्ठांनी मोजा पुरावा म्हणून ठेवून घेतलाय.

तुमचा लोभ मला पोत्यावरून आला तरी चालतो, येत राहू दे.

तुमची
ठकू


३ मार्च

चि. ठकू हीस,
आशीर्वाद.

आपली रीत सोडायची नाही म्हणून मी सरळ केसपेपरच केला. खाली उतरवून देते.

पेशंट कॉम्प्युटर, वय वर्षं सहा, याआधी कधी आजारी नाही. नाडी म्हणजे हिरवा दिवा, नियमित. श्वास म्हणजे पंखा, चालू, थोडी घरघर. डोळे म्हणजे पडदा, प्लग घट्ट, स्क्रू घट्ट, दिवा पिवळा, नजर नाही. हातपाय म्हणजे कीबोर्ड, एकदा तिन्ही दिवे लुकलुकले, मग काही हालचाल नाही. पहिलं रडणं, म्हणजे तू म्हणतेस ते टीं, नाही. चारदा कान लावून ऐकलं. न रडणाऱ्या बाळाला काय करायचं ते मला येतं, तेही केलं. पाठीवर दोन थापा मारल्या. तुझे बाबा धावत आले आणि यंत्राला मारतात का म्हणून माझ्यावरच ओरडले.

माझं मत विचारशील तर हे आतलं दुखणं आहे. वरून बघून कळायचं नाही.

रोज सकाळी मी एकदा बटन दाबते. राउंडला गेल्यासारखी. मग उरलेला दिवस कशात लक्ष लागत नाही. कंडक्टरबाईची हकीगत कशी सुरू केली होती ते काल आठवेना. सगळ्या हकिगती मला तोंडपाठ आहेत असं समजत होते. त्यांना मी कॉम्प्युटरच्या हवाली केलं आणि स्वतः निर्धास्त झाले. तेच चुकलं.

मोजा आता धुऊन तरी ठेवतील का ते? लोभात खंड नाही, फक्त काळजीची भर पडली आहे.

तुझी आई

ता. क. (बाबांकडून) चि. ठकू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कॉम्प्युटरला कोणीही काहीही केलेलं नाही. मी यंत्रांना काही करत नसतो, त्यांची निगा राखतो. इस्त्री मुळातच खराब होती.


८ मार्च

ती. आईस व ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

केसपेपर इथल्या सगळ्यांनी वाचला. आमचे वरिष्ठ म्हणाले की वेधशाळेच्या नोंदीसुद्धा इतक्या नेटक्या नसतात.

टीं वाजत नाही म्हणजे आतल्या स्मरणपट्ट्यांचा संशय घ्यायला हवा. हे काम बाबांचं, हाताला कंप नाही असे घरात तेच. बाबा, आधी प्लग काढा. नळाला हात लावून या, अंगातली वीज उतरते. मग डब्याच्या मागचे चार स्क्रू काढले की डावीकडचं झाकण सरकतं. आत बोटभर रुंद, वीतभर लांब अशा दोन हिरव्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या दिसतील. अलगद उपटा, त्यांच्या सोनेरी दातांवरून साधा खोडरबर फिरवा, आणि खट् वाजेपर्यंत परत खोचा. बाकी कशालाही हात लावू नका. पुन्हा लिहिते, बाकी कशालाही नाही.

आई, पंधरा एप्रिलला अजून पाच आठवडे आहेत, पण आपली दोन पत्रं जाऊन येईतो दहा-अकरा दिवस जातात. तेव्हा या डब्यावर विसंबून राहू नकोस. हकिगती तुला आठवतात, बाबांचा हात चालतो. रोज तासभर तू सांग, त्यांना लिहू दे. पुस्तक हाताने लिहूनही जातं, जगात आधी तसंच जात होतं. तुम्ही दोघं एका टेबलाशी तासभर न भांडता बसलात तर मला जरूर कळवा, मी आमच्या वहीत दुर्मीळ हवामान म्हणून नोंद करीन.

रबर नवा घ्या. लोभाला मात्र जुनाच चालेल.

तुमची
ठकू


१५ मार्च

चि. ठकू हीस,
आशीर्वाद विशेष.

रबराचा प्रयोग १२ तारखेला सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी केला. पट्ट्या लखलखीत झाल्या. भिंगातून दात तपासले, एकही झिजलेला नाही. खट् वाजवून बसवल्या. परिणाम शून्य. तुझी आई जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि अर्धा तास बोलली नाही. हे मी तिच्या बाबतीत फार वेळा पाहिलेलं नाही.

झाकण उघडणं तू लिहितेस तेवढं अवघड नाही. मावशीकडे निघण्याच्या आदल्या दिवशी उघडलं होतं तेव्हाच एका स्क्रूचा आटा गेलेला दिसला होता, तिथे मी माझ्याकडचा बसवून दिला. यंत्र बनवणाऱ्यांना स्क्रूचं काही वाटत नाही, ही हल्लीची तऱ्हा.

लिखाण सुरू केलं आहे. संध्याकाळी सहा ते सात अशी वेळ ठरली. काल आठ वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा उठलो. आठ हकिगती झाल्या.

एक गोष्ट तुला लिहावी असं वाटतं. या हकिगती मी कधी ऐकलेल्याच नव्हत्या. तुझी आई ड्यूटीवरून यायची तेव्हा मी दुकानाला निघालेला असायचो. दारात ती माझ्याकडून चावी घ्यायची, एवढीच आमची भेट. पुढे ती टाइप करू लागली तेव्हा मी म्हटलं, छापून येऊ दे, मग वाचतो. कंडक्टरबाई ऐन कळांत असताना डॉक्टरांना आणि सिस्टरांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत होती, हे मला परवा कळलं. लिहिता लिहिता मला हसू आवरेना आणि शाई सांडली. तिळ्यांचा बाप तिसरं मूल हातात घ्यायलाच तयार नव्हता, हे दुसऱ्या कोणाचं तरी आलं असेल म्हणाला. मी मध्ये मध्ये विचारतो. मग त्याने घेतलं कधी? त्या बाईने अंगावर काय पांघरलं होतं? तुझी आई आधी चिडते, मग आठवते, आणि जे सांगते ते तिने टाइप केलेलंच नव्हतं असं म्हणते.

भांडण एकदाच झालं, माझ्या अक्षरावरून. फार बारीक आहे म्हणते. तू नोंद करायला हरकत नाही.

लोभ घड्याळाच्या काट्यासारखा नसावा, म्हणजे मागेपुढे होत नाही.

तुझे
बाबा


२० मार्च
(दुकानाच्या पत्त्यावर, फक्त बाबांसाठी)

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम दुकानावर पाठवते आहे. आईसमोर फोडू नका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाबा, मावशीकडे जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटरचं झाकण कशासाठी उघडलं होतं?

थांबा, मीच सांगते. आत हिरव्या पाटीवर एक गोल, चकचकीत, कोटाच्या बटनाएवढा सेल बसवलेला होता. कॉम्प्युटर पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दाखवतो, म्हणजे तुमच्या लेखी तो घड्याळच. आणि बंद घरात घड्याळात सेल ठेवायचा नाही. तो तुम्ही काढलात. मी विचारलं तेव्हा काही केलं नाही म्हणालात, आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत हेही मला कळतं, कारण सेल काढणं हे तुमच्या मते काही करणं नव्हेच. दाराला कडी लावल्यासारखं ते.

तर तो सेल नसला की त्या यंत्राला आजची तारीख कळत नाही, इतकंच नव्हे तर आपल्या अंगात काय काय बसवलंय तेही आठवत नाही. काही यंत्रं तरी कशीबशी उठतात. आईचं इतकं भांबावतं की पडदासुद्धा लावत नाही. इकडे मी डोंगरावर बसून स्मरणपट्ट्या आणि वायरी करते आहे, आणि तिकडे दुखणं तुमच्या डबीत. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

प्लग काढा, सेल अक्षरांची बाजू वर ठेवून खोबणीत दाबा, झाकण लावा, बटन दाबा. दोन मिनिटांचं काम आहे. आईला मात्र तुम्हीच सांगा. तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा. मी तुमची बाजू घेणार नाही, अगदी एवढीसुद्धा.

लोभ आहे म्हणून तर एवढी चिडले.

तुमची
ठकू


२६ मार्च

चि. ठकू हीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात भिंग लावून वाचलं, उगाच, अक्षर मोठंच होतं. मग सेलांची डबी उघडली. घरात घड्याळं आठ. मावशीकडून परत आल्यावर आठ सेल बसले होते आणि एक उरला होता. उरला तर जास्तीचा असेल म्हणून मी झाकण लावलं होतं. घड्याळ जोडून झाल्यावर एक जरी भाग उरला तरी ते जोडलेलं नाही असं समजायचं, हे मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो. तुला लिहितानाही कान गरम होताहेत.

पण सेल मी अजून बसवलेला नाही. तो कागदाच्या पुडीत घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आहे.

रागावण्याआधी पुढचं वाच. आम्ही एकविसाव्या हकिगतीवर आहोत. सतरावी गेल्या शुक्रवारी झाली. टाइप केलेली ती तीन ओळींची होती म्हणे. ते बाळ रडलंच नाही. तुझी आई तेव्हा नोकरीत नवी होती. तिने तेवढं सांगितलं आणि पुढची अठरावी घ्या म्हणाली. मी विचारलं की त्या दिवशी ती घरी कशी आली. ती म्हणाली, चालत. बस होती, पण बसमध्ये लोक असतात. मग पाऊण तास ती सांगत होती आणि मी लिहायचं विसरलो. ठकू, त्या सकाळीही मी दारात तिच्या हातात चावी दिली असणार. परतीच्या वाटेवर साबण आण म्हणालो असेन. मला काहीच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांनी कळलं, आणि तेही कॉम्प्युटर बंद पडला म्हणून.

सेल बसवला की ती पुन्हा त्या पडद्यापुढे बसेल आणि मी दुकानात. उरलेल्या सतरा हकिगती मला ऐकायच्या आहेत. ही लबाडी आहे, मान्य. पण तारीख मी चुकवणार नाही. आयुष्यात कोणाचं घड्याळ मी बोललेल्या दिवसानंतर दिलेलं नाही. एवढे दिवस मला दे आणि तुझ्या आईला काही लिहू नकोस.

तुझ्या लोभावर भार टाकतो आहे, सांभाळून घे.

तुझे
बाबा


३१ मार्च
(दुकानाच्या पत्त्यावर)

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. शेवटचा राग अजून आहे.

आई तिकडे रोज सकाळी त्या बटनाला राउंड घालते आहे. तिचं दोन वर्षांचं काम गेलं या भीतीने ती झोपते आणि उठते, आणि इलाज तुमच्या खिशात. तुम्हाला आम्ही गोगलगाय समजत होतो, पोटातले पाय आता दिसले. मला तिला खोटं लिहावं लागलं की मी एका जाणकाराला विचारते आहे. आईला मी याआधी एकदाच खोटं लिहिलं होतं, ते थंडी वाजत नाही म्हणून.

दहा एप्रिल. त्यापुढे एक दिवसही नाही. अकरा तारखेला मी तिला सगळं लिहीन आणि तुमचं पत्रही जोडीन.

आणि अठरावीपासून पुढे काय काय झालं ते मला थोडक्यात कळवा. थोडक्यात नको, सगळंच कळवा.

लोभ तूर्त दहा तारखेपर्यंत.

तुमची
ठकू


१३ एप्रिल

चि. ठकू हीस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक गेलं. अकरा तारखेला तुझे बाबा स्वतः छापखान्यात देऊन आले. बाईंना अक्षर बारीक वाटेल म्हणून सोबत आपलं एक भिंगही देऊन आले. बाईंनी दोन्हींची पोच लिहून दिली आहे.

आता तू जे विचारणार नाहीस ते सांगते, कारण तू कटात आहेस. अठ्ठावीस मार्चला मी यांचा कोट धुवायला काढला. खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही ही माझी वॉर्डातली शिस्त. आतल्या खिशात तुझं पत्र आणि एक पुडी. पुडीवर यांनी आपल्या मुंगीच्या अक्षरात कॉम्प्युटर असं लिहूनही ठेवलेलं. चोराने चोरीच्या मालावर नाव घालावं तसं.

पत्र वाचलं आणि मी आधी मनसोक्त रागावले, एकटीच, बाथरूममध्ये, बादलीवर. पुस्तक गेलेलं नाही हे कळल्यावर तिथेच बसून राहिले. मग पुडी होती तशी घडी केली, पत्र होतं तसं ठेवलं, आणि कोट न धुताच खुंटीला लावला. बारा दिवस हे मळका कोट घालून दुकानात जात होते. त्यांना वाटलं, मी धुवायचं विसरले.

का, म्हणून विचारशील. अगं, ज्या माणसाला मी पस्तीस वर्षं जरा ऐका तरी म्हणत होते, तो सहाला पाच कमी असतानाच वही उघडून, पेनात शाई भरून माझी वाट बघत बसायला लागला होता. बटन चालू झालं की हे बंद पडेल, ही भीती मला त्यांच्यापेक्षा जास्त होती. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, आमच्या घरात दोन मांजरं एकाच भांड्याला लागली होती. सकाळचं बटन मात्र मी रोज दाबत राहिले, नाही तर यांना संशय आला असता. त्यासाठी दोनदा डोळ्यांना पदरही लावला. तू माझी काळजी केलीस ती मार्चच्या अठ्ठावीसपर्यंत खरी धर, पुढची परत घे.

आठ तारखेला अडतिसावी संपली. यांनी पेनाला टोपण लावलं. आता उठतील आणि काहीतरी निमित्त काढून झाकण उघडतील म्हणून मी वाट बघत होते. ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं की आपली कुठे आहे. अडतीस बायकांच्या लिहिल्या, ठकूची का नाही? मी म्हटलं, मी काय लिहू, त्या दिवशी मी पलंगावर होते, मला छताशिवाय काही दिसलं नाही. तर म्हणाले की त्यांना दिसलं होतं. मग मी वही माझ्याकडे ओढली. अंगठा दुखत होता, तरी ते बोलत गेले तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सेल बसला. टीं वाजला. पडदा उजळला आणि कोपऱ्यात कुठल्या तरी जुन्या सालातली एक जानेवारी दिसली. तुझ्या बाबांना पुस्तक आहे की नाही हे बघायचं सुचलं नाही, त्यांनी आधी वेळ लावली. मग कबुली दिली. मीही दिली. त्यावर एक कप चहा होईपर्यंत रुसून बसले.

अडतीसच्या अडतीस हकिगती जागच्या जागी होत्या. मी त्या वाचल्या आणि मग वही वाचली. टाइप केलेल्यांत तारखा आहेत, वजनं आहेत, टाके किती घातले तेही आहे. त्यात बाया नाहीत गं. वहीत आहेत. छापखान्यात मी वही पाठवली. मला एक क्षणही विचार करावा लागला नाही.

एकोणचाळिसाव्या हकिगतीची माझ्या अक्षरातली प्रत सोबत आहे. अक्षर वाकडं आहे, सांभाळून वाच. यातली एक गोष्ट मलाही त्याच दिवशी कळली.

आमचा दोघांचा लोभ आता एकाच पाकिटात येतो, टपालाला तेवढाच भार कमी.

तुझी आई


(सोबतचं पान)

हकीगत एकोणचाळिसावी. सांगणार घड्याळजी.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. दुपारची वेळ होती. माझ्याजवळ तीन घड्याळं होती, एक मनगटावर आणि दोन गिऱ्हाइकांची, खिशात. लेबर रूममधलं घड्याळ बंद पडलं होतं. मेट्रनबाई मला बाहेर येऊन सांगून गेल्या की आतून आवाज आला की वेळ बघून ठेवा, दाखल्यावर लिहायची आहे, घड्याळजी दारात बसलेला असताना त्याच्याहून पक्की वेळ कोण देणार. मी मनगट वर करून बसलो. तासभर मी दुसरं काही बघितलं नाही.

मग रडण्याचा आवाज आला. दार उघडलं आणि मेट्रनबाईंनी गाठोडं माझ्या हातात दिलं. ती रडायची थांबली आणि एक डोळा उघडून माझ्याकडे बघू लागली. नखं मी बघितली. गव्हाच्या दाण्याहून लहान होती, पण दहाच्या दहा. एवढं बारीक काम मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी वेळ विचारली. मी तीन वाजून सात मिनिटं म्हणालो. दाखल्यावर तेच आहे, ठकू सगळीकडे तेच लिहिते. ते खरं नाही. आवाज आल्यापासून मी तिन्हीतल्या एकाही घड्याळाकडे बघितलं नव्हतं. चुकीची वेळ मी आयुष्यात त्या एकदाच सांगितली, आणि खरे किती वाजले होते ते मला आजही ठाऊक नाही.